मॉन्ट्रियल २०२४, पुरुष स्केटिंग: पहिले तीन कोण, हे ओळखायच्या शीटच्या नोंदी

२० जानेवारी, शनिवार

सुरुवात करतेय. आमच्या ऑफिसात फिगर स्केटिंगचं वेड मीच आणलं, बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी डबा खाताना मोबाईलवर लावून लावून. आता पाच जणांची पैज असते, वर्ल्ड्समध्ये, म्हणजे दरवर्षीच्या जागतिक स्पर्धेत, पुरुषांचे पहिले तीन क्रमाने सांगायचे, सगळ्यात कमी मार्कवाला बाकीच्यांना मिसळ देणार. बाकी चौघांना लुट्झ आणि लूप या उड्यांमधला फरक कळत नाही. मला कळतो, आणि दोन्ही वर्षं मिसळीचं बिल मीच भरलंय. गेल्या वर्षी जपानमध्ये सायतामाला झालेल्या वर्ल्ड्सला मी अमेरिकेचा मालिनिन पहिला लिहिला, तो २८८.४४ घेऊन तिसरा आला, जपानचा उनो ३०१.१४ घेऊन पहिला. तर यंदा मनाने नाही सांगायचं, शीट करायची असं ठरवलंय. मी अकाउंट्समध्ये आहे, एक्सेल हे माझं घरच आहे, कितीसं अवघड असणार. (हे वाक्य मुद्दाम खोडत नाहीये, राहू दे.)

प्लॅन साधा आहे. प्रत्येक स्केटरच्या स्पर्धांचे निकालपत्रकं असतात, पीडीएफमध्ये, त्यात प्रत्येक उडीचे मार्क वेगळे दिलेले असतात. ते सगळे शीटमध्ये घ्यायचे, कोण कुठली उडी किती वेळा नीट उतरतो ते काढायचं, आणि मॉन्ट्रियलचा खेळ हजारो वेळा खोटा खोटा खेळवायचा. यंदाचं वर्ल्ड्स तिथेच, १८ ते २४ मार्च. हातात दोन महिने.

२६ जानेवारी, शुक्रवार, सुट्टी

अख्खा दिवस पीडीएफमध्ये गेला. कॉपी-पेस्ट केलं की रकाने एकमेकांत घुसतात. एका ॲपचे ४९९ रुपये भरले जे म्हणत होतं की पीडीएफचं टेबल जसंच्या तसं काढून देतो, दिलं, पण मायनसच्या खुणा गाळून. म्हणजे पडलेला माणूस माझ्या शीटमध्ये मस्त उतरलेला. दोन तास कळलंच नाही, मग उनो एकदाही चुकत नाही असं दिसायला लागलं तेव्हा संशय आला. पैसे गेले.

संध्याकाळी भाच्याला बोलावलं, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तो म्हणाला, "मावशी, हे पायथनमध्ये वीस मिनिटांचं काम आहे." रात्री साडेअकराला जेवायला उठला.

२८ जानेवारी, रविवार

ज्यांना असलं काही करायचंय त्यांच्यासाठी हे नीट लिहिते, कारण इथे आमचे दोन दिवस गेले.

एक, उत्तरार्धातल्या उड्यांना दहा टक्के जास्त मिळतात (खेळ दोन भागांत असतो, आधी छोटा "शॉर्ट", मग मोठा "फ्री", दोन्हींच्या मार्कांची बेरीज होते; शॉर्टमध्ये शेवटची एक, फ्रीमध्ये शेवटच्या तीन). पत्रकात त्या आकड्यापुढे बारीक एक्स छापलेला असतो. भाच्याचा कोड तो एक्स बघून "हा आकडा नाही" म्हणून ओळच सोडून देत होता. म्हणजे जो माणूस दम राखून शेवटी अवघड उड्या मारतो त्याच्याच उड्या गायब. साधी क्वाड (म्हणजे चार गिरक्यांची) टो लूप उडी ९.५ ची, उत्तरार्धात १०.४५ ची होते, आणि आमच्याकडे शून्य.

दोन, आदाम सियाओ हिम फा. फ्रान्सचा, युरोपियन चॅम्पियन. आडनावात तीन शब्द. आमच्याकडे तो दोन वेगवेगळे खेळाडू झाला होता, एक "सियाओ" आणि एक "फा", दोघांचाही अर्धा अर्धा सीझन. त्याचे आईवडील मूळचे मॉरिशसचे हे वाचून उगाच आपुलकी वाटली, तिथे आपली मराठी माणसं आहेत ना पिढ्यान्‌पिढ्या, ह्यांचं घराणं तिथल्या चिनी लोकांपैकी, पण तरी.

तीन, हे सगळ्यात महागात पडलं. मी उत्साहाने २०१७-१८ पासूनचा डेटा भरायला घेतला होता. तेव्हाचे नियमच वेगळे. उडीच्या दर्जाचे मार्क तेव्हा मायनस तीन ते प्लस तीन होते, नंतर मायनस पाच ते प्लस पाच झाले. क्वाड लुट्झ तेव्हा १३.६ ची होती, आता ११.५. आणि २०२२ मध्ये सादरीकरणाचे पाच रकाने जाऊन तीन आले, त्यांचा गुणकही बदलला, पुरुषांना आता शॉर्टमध्ये १.६७ आणि फ्रीमध्ये ३.३३. हे सगळं एका मापात आणायला बसले तर मार्च उजाडेल. म्हणून जुनं सगळं उडवलं, फक्त २०२२-२३ आणि चालू सीझन ठेवला. तेव्हा हे फार शहाणपणाचं वाटलं होतं.

४ फेब्रुवारी, रविवार

शांघायला फोर कॉन्टिनेंट्स (युरोप सोडून बाकीच्या खंडांची स्पर्धा) झाली, जपानचा कागियामा ३०७.५८ घेऊन पहिला. घोट्याच्या दुखापतीने त्याचा मागचा सीझन जवळपास वाया गेला होता, त्यामुळे आमच्या शीटमध्ये त्याचा डेटा कमी आणि त्यातला बराचसा परत येतानाचा, अडखळता. ३०७ बघून शीटलाच धक्का बसला असेल.

उलटं चा जुनह्वानचं. कोरियाचा, मला मनापासून आवडतो, सायतामाला २९६.०३ घेऊन दुसरा आलेला. शीट त्याला अजून त्याच रुबाबात धरून बसलंय, पण यंदा पाय दुखावलेला, शांघायला तिसरा आला तरी तो पूर्वीचा चा नाही. म्हणून वजन बदललं, शेवटच्या तीन स्पर्धांना दुप्पट. हा आकडा कुठून आला विचारू नका, दुप्पट म्हणजे दुप्पट.

राष्ट्रीय स्पर्धांचे मार्क सगळे काढून टाकले. आपापल्या देशात परीक्षक हात सैल सोडतात हे सगळ्यांना माहितीये. अमेरिकेचे काय आणि जपानचे काय, ते ठेवले तर सगळेच हिरे दिसतात.

१९ फेब्रुवारी, सोमवार, शिवजयंती

सकाळी चौकात मिरवणूक, ढोल थांबल्यावर कामाला बसले. आज पहिल्यांदा पूर्ण मॉडेल चाललं. एक्सेलमध्ये दहा हजार वेळा खेळवायला गेले तर लॅपटॉप तापून बंद पडला, भाच्याकडे तेच काही सेकंदात.

एक गणित मांडते कारण त्याने माझाच एक गैरसमज गेला. मला वाटायचं ही पोरं क्वाड मारून पडतात आणि उगाच मार्क घालवतात, ट्रिपल (तीन गिरक्यांची) मारून सरळ उभं राहावं की. तर बघा: क्वाड लुट्झ मारली आणि पडला, ११.५ मधून दर्जाचे निम्मे गेले ५.७५, पडण्याचा आणखी एक गेला, हातात ४.७५. नीट उतरला, प्लस तीन मिळाले, १४.९५. त्याऐवजी ट्रिपल लुट्झ छान मारली, ५.९ आणि १.७७, म्हणजे ७.६७. हिशेब केला तर दहापैकी तीन वेळा जरी क्वाड उतरत असेल तरी ती मारणंच फायद्याचं. पडल्यावर सादरीकरणाचेही थोडे जातात, ते धरले तर चार वेळा म्हणा. म्हणून मारतात. मूर्ख नाहीयेत.

आणि म्हणूनच अमेरिकेचा जेसन ब्राऊन हा माणूस मला भारी वाटतो. एकही क्वाड नाही, तरी मार्क असे की निम्मे क्वाडवाले मागे राहतात. सादरीकरणाच्या तीनही रकान्यांत अर्धा अर्धा मार्क जास्त मिळाला की फ्रीमध्ये पाच मार्क होतात, तो तिथेच कमावतो. शीटला मात्र तो नीट पकडता येतो, कारण तो रोज सारखाच असतो. त्रास बाकीच्यांचा.

८ मार्च, शुक्रवार, महाशिवरात्र

उपास, साबुदाण्याची खिचडी, आणि मॉडेलमधली मोठी चूक.

जुन्या स्पर्धांवर तपासून बघत होतो. २०२२ च्या मोंपेलिएच्या वर्ल्ड्सला मालिनिन सतरा वर्षांचा पोरगा, शॉर्टमध्ये १००.१६ घेऊन चौथा, आणि शेवटी नववा. त्याच वर्षी बीजिंग ऑलिंपिकला जपानचा नावाजलेला हान्यू शॉर्टमध्ये आठवा होता, त्याची क्वाड सालकाव उडीच झाली नाही, नुसती एक गिरकी, आणि शॉर्टमध्ये अशी उडी म्हणजे शून्य. शेवटी चौथा आला. असले उलटफेर आमच्या दहा हजार खेळांत जवळजवळ होतच नव्हते. सगळे स्केटर आपापल्या सरासरीच्या आसपास शिस्तीत उभे, शाळेच्या प्रार्थनेसारखे.

भाचा म्हणाला प्रत्येक उडी आपण स्वतंत्र धरलीये, एक पडली तरी पुढचीवर परिणाम नाही, तिथे घोळ आहे. खरंय. सात उड्या, प्रत्येक ८५ टक्के उतरणारी, तर सातही नीट व्हायची शक्यता तीनात एक. पण खरं तसं नसतं, ज्याचा दिवस असतो त्याच्या सातही होतात आणि ज्याचा नसतो त्याच्या तीन जातात. पहिली क्वाड गेली की पुढचं कॉम्बिनेशन (एकीला लागून दुसरी उडी) कुठे जोडायचं ते पळता पळता ठरवावं लागतं, पाय जड होतात.

उपाय असा केला की प्रत्येक खोट्या खेळाआधी प्रत्येकासाठी एक फासा टाकायचा, आजचा दिवस कसा. चांगला आला तर सगळ्याच उड्यांची शक्यता थोडी वर, वाईट आला तर सगळ्याच खाली. किती वर, किती खाली, हे जुन्या निकालांशी जुळेपर्यंत हलवत बसलो. चार तास. पण चित्र एकदम बदललं. आधी मालिनिन दहात आठ वेळा जिंकत होता, आता सहा वेळा.

१७ मार्च, रविवार

मार्च एंड. रोज रात्री नऊपर्यंत ऑफिस, व्हाउचर्स, जीएसटी, त्यात हे. गेल्या आठवड्यात शीटला हात लागला नाही, त्यामुळे सुट्या राहिलेल्या गोष्टी तशाच. कोण कुठली उडी ठेवणार याची यादी मी सीझनभराच्या सवयीवरून भरली, सरावात काय चाललंय ते तपासलं नाही.

पैजेसाठी लॉक केलं: मालिनिन, उनो, कागियामा. चौथा सियाओ हिम फा. डिसेंबरच्या ग्रांप्री फायनलचाच (सीझनमधल्या ग्रांप्री स्पर्धांच्या अंतिम फेरीचा) हा क्रम, बीजिंगला मालिनिन ३१४.६६, उनो २९७.३४, कागियामा २८८.६५, आणि चौथा हाच आदाम. इतका खटाटोप करून डिसेंबरचीच यादी बाहेर आली म्हणून भाचा हसला. मी म्हटलं, अरे ताळेबंदही दरवर्षी तसाच दिसतो, म्हणून करायचा सोडतो का.

एक सांगून ठेवते, मॉडेल आदामला बऱ्यापैकी मानत होतं. नोव्हेंबरमध्ये फ्रान्सच्या आंजे शहरातल्या स्पर्धेत त्याने मालिनिनला हरवलं होतं, ३०६.७८ विरुद्ध ३०४.६८. चीनच्या स्पर्धेत उनोला मागे टाकलं. मीच मनात म्हणत होते, आहे, पण बेभरवशाचा.

२२ मार्च, शुक्रवार

काल रात्री शॉर्ट झालं. उनो १०७.७२, कागियामा १०६.३५, मालिनिन १०५.९७. पहिल्या तिघांत पावणेदोन मार्कांचा फरक! आणि तिघेही माझेच! सकाळी ऑफिसात मी जरा जास्तच बोलले.

आदाम ७७.४९. एकोणिसावा. चोवीस जण फ्रीला जातात, म्हणजे तो पहिल्याच ग्रुपमध्ये, जेव्हा स्टेडियममध्ये लोक अजून पॉपकॉर्न घेऊन जागा शोधत असतात.

आमच्या पैजेत शॉर्टनंतर यादी एकदा बदलता येते, एक मार्क कापून. भाच्याने शॉर्टचे मार्क घालून फ्री पुन्हा दहा हजार वेळा चालवलं आणि निकाल पाठवला. त्यात आदामला मेडल शंभरात चार वेळा. मला ते बघून हसू आलं. तीस मार्क मागे असलेला माणूस? मला वाटलं दिवसाचा फासा आपण फारच मोकळा सोडलाय, म्हणून मॉडेल असलं काहीतरी बरळतंय. मी शीटमधून त्याची ओळ उडवली, फाशाचा आकडाही कमी केला, आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं की तिघे पक्के, फक्त क्रम बघायचा. यादी बदलली नाही.

२४ मार्च, रविवार, होळी

मॉन्ट्रियलला शनिवारची संध्याकाळ म्हणजे आपल्याकडे पहाट. रात्रीच पुरणाची डाळ काढून ठेवली होती, गजर लावून उठले, चहा ठेवला आणि मोबाईल फ्रीजला टेकवून उभा केला.

पहिल्याच ग्रुपमध्ये आदाम आला आणि त्याने काय केलं ते मी शब्दात सांगू शकत नाही. क्वाड, क्वाड, क्वाड, सगळ्या पायावर. आणि मध्येच बॅकफ्लिप, म्हणजे मागे कोलांटी! ती तर बंदी असलेली, केली की सरळ दोन मार्क वजा, त्याने जानेवारीत युरोपियन्सलाही केली होती. मला वाटलं याने मेडल सोडून दिलंय, मजा करतोय. फ्री २०६.९०, एकूण २८४.३९. आणि मग एकेक जण येतोय, त्याच्या खाली बसतोय. दुसरा ग्रुप गेला. तिसरा गेला. डाळ शिजली, कुकर गार झाला, हा अजून पहिलाच.

शेवटच्या ग्रुपमध्ये उनो. सुरुवातीच्या दोन्ही क्वाड बिघडल्या, मग सावरला, पण फ्री १७३.१३. एकूण २८०.८५. चौथा. सलग तिसरं जेतेपद हुकलं याचं वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त पैजेचं, खोटं कशाला बोलू. कागियामा २०३.३०, एकूण ३०९.६५, दुसरा.

आणि मालिनिन. सहा क्वाड, त्यात ती साडेचार फेऱ्यांची ॲक्सल, जी स्पर्धेत त्याच्याशिवाय कोणी उतरवलेली नाही. २२७.७९. अमेरिकेच्या नेथन चेनचा २०१९ पासूनचा २२४.९२ चा विक्रम गेला. एकूण ३३३.७६, दुसऱ्यापेक्षा २४ मार्क पुढे. माझ्या दहा हजार खेळांत त्याचं फ्री एकदाही २२७ ला पोचलं नव्हतं.

म्हणजे मी दोन्ही टोकं कापली होती. फासा घट्ट केला तेव्हा फक्त आदामची शक्यता नाही गेली, मालिनिनचा हा दिवसही गेला.

पुरणपोळ्या जरा जाड झाल्या.

३१ मार्च, रविवार

वर्ष संपलं, पुस्तकं बंद, आता नीट बघता येतंय.

आदाम आणि उनो यांच्यात शॉर्टनंतर ३०.२३ चा फरक होता. फ्रीमध्ये आदामने ३३.७७ जास्त मिळवले. ३.५४ ने ब्राँझ. त्यातले दोन तर त्याने बॅकफ्लिपला उडवले होते, तरी पुरले.

मी चुकले ते नंबर बघून. एकोणिसावा म्हटलं की वाटतं अठरा जणांना ओलांडायचंय. पण मार्कात बघितलं तर वरच्या तिघांनंतर शंभराच्या वर कोणीच नव्हतं, मधले सगळे दाटीवाटीने उभे, त्यांना एक चांगलं फ्री एका फटक्यात ओलांडतं. आदामला खरं हरवायचं होतं फक्त एकाला, वरच्या तिघांपैकी ज्याचा दिवस जाईल त्याला. मॉडेलला हे कळत होतं कारण त्याला नंबर माहीतच नाहीत, फक्त मार्क माहितीयेत.

आणि जुना डेटा. भाच्याने काल सहज विचारलं, मावशी, असं आधी कधी झालंय का? झालंय की, पियाँगचांग ऑलिंपिक, २०१८. नेथन चेन शॉर्टमध्ये ८२.२७, सतरावा. फ्रीमध्ये सहा क्वाड, २१५.०८, त्या दिवशीचा सगळ्यात जास्त, आणि शेवटी पाचवा. मी ते लाइव्ह बघितलंय. मला पाठ आहे ते. पण शीटमध्ये नव्हतं कारण माप जुळत नाही म्हणून जानेवारीत मीच उडवलं. मार्क जुळत नसले तरी "वर चढला, किती चढला" एवढं तरी एका रकान्यात ठेवता आलं असतं.

चा जुनह्वान दहावा आला. त्याचं वजन कमी केलं ते बरोबर ठरलं, एवढीच माझी कमाई. जेसन ब्राऊन पाचवा, क्वाडशिवाय.

खर्च: ॲपचे ४९९. पाच जणांची मिसळ, जास्तीचे पाव, ताक, ८४० रुपये, कारण पैजेत पुन्हा मीच शेवटची. बाकी चौघांपैकी दोघांनी कागियामा दुसरा लिहिला होता, का तर शांघायचा निकाल त्यांनी पेपरात वाचला होता, बास. वेळ माझा साधारण सात सुट्ट्या, भाच्याचा मोजला नाही, त्याला हेडफोन घेऊन दिले तो खर्च वेगळा. २२ तारखेची, मी ओळ उडवायच्या आधीची फाईल भाच्याने ठेवलीये, नाव दिलंय "मावशी_हात_लावू_नकोस".

आता केलेले बदल: फासा परत मोकळा केला, आणि दर्जाचे मार्कही त्याच फाशाला बांधले, म्हणजे ज्याचा दिवस आहे त्याच्या उड्या नुसत्या उतरत नाहीत, मार्कही जास्त घेतात. वजावटीचा रकाना वेगळा केला, त्यात आदामसाठी बॅकफ्लिपचे मायनस दोन कायमचे भरले.

१६ जून, रविवार

छोटी नोंद. उनोने ९ मे ला निवृत्ती जाहीर केली, त्याची ओळ जुन्या पानावर हलवली, उडवली नाही. या आठवड्यात लास वेगसला स्केटिंग महासंघाच्या काँग्रेसमध्ये (बैठकीत) नियम बदलले, पुढच्या सीझनपासून बॅकफ्लिपला बंदी नाही. म्हणजे मायनस दोनचा रकाना अडीच महिन्यांत रद्दी झाला, शून्य करून ठेवलाय. पुढचं वर्ल्ड्स बॉस्टनला, मार्च २०२५, परत मार्च एंडलाच. भाच्याला सांगून ठेवलंय की लॉक करायची तारीख फेब्रुवारीची ठेव, आणि शॉर्टनंतर फाईलचा पासवर्ड मला देऊ नकोस.